नाशिकच्या भिंतीवर आमच्या यांचा शर्ट

मिश्र माध्यम! एवढंच? माझ्या नवऱ्याचा शर्ट, अंबडच्या कारखान्यातल्या लेथ मशीनवरचा लोखंडी कीस, जळकं ऑइल, सगळं भिंतीवर लावलं आणि खाली पाटी काय, तर ‘मिश्र माध्यम’. मिश्र तर भाजीही असते. आणि हे चित्र विकलं गेलंय, सोमवारी पुण्याच्या कुणाच्या घरी जाणार, बिननावाचं.

नीट सांगते. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, पण यांचा कामावरचा एक शर्ट मी कुणाला दिला नव्हता. माझी भाची रूपाली नाशकात चित्रं काढते. ती तो मागून घेऊन गेली. म्हणाली, “मावशी, फक्त धुऊ नकोस.” प्रदर्शन लागलं तशी मी परवा देवळ्याहून सकाळची एसटी धरली. तुम्हीही चांदवडमार्गे या, वणीकडून लय वेळ जातो. स्टँडजवळ मिसळ खाऊन घ्या, हॉलमध्ये चहासुद्धा मिळत नाही. तिकीट मात्र नाही.

चित्र पुरुषभर उंच. शर्ट खळीने फळीवर ताणलेला. किसावर मिठाचं पाणी मारून गंज आणलाय, तोच तिचा केशरी रंग. सावली ऑइलची. हे जन्मभर मशीनवर वाकलेले, इथे ताठ उभे.

शेजारचा एकजण बायकोला म्हणाला, “गॅरेजचं फडकं टांगलंय.”

“फडकं नाही, माझा मालक हाय,” मी म्हणाले. तो सटकला. बायको मात्र थांबून बघत राहिली.

मग पाटी दिसली. रूपालीला धरलं.

“मावशी, पाटीवर साहित्य लिहितात, माणूस नाही.”

“मग साहित्यातच लिही, शर्ट कुणाचा ते.”

“बरं, हॉलच्या सरांना विचारते. काकांचं पूर्ण नाव सांग.”

झालं! लग्नातल्या उखाण्यानंतर यांचं नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. चार लोकांत जीभ उचलेना. तशीच परतीच्या गाडीत बसले.

रूपाली, हा ब्लॉग तूच काढून दिलास, म्हणजे वाचशीलच. तुझे उपकार मोठे आहेत गं. पेटीत पडून कसरीने खाल्ला असता तो शर्ट. तू त्याला लोकांपुढे उभं केलंस. चित्र पुण्याला जाऊ दे, मला परत नको. पण नाव घेऊन जाऊ दे. बोलता आलं नाही, लिहिते: काशिनाथ निंबा, लेथवाले. सरांना दाखव, आणि पाटी बदलली की नाही ते शनिवारी संध्याकाळपर्यंत मला फोन करून सांग.