दगडाखालचे मळे मासे

सून मोरीत ब्लीचिंग पावडर टाकते. म्हणते, "आई, हिनं एक किडा जिवंत राहत नाही." मला ठाऊक आहे.

तीसेक वर्षांपूर्वी वणीकडच्या आमच्या घरी नणंद बाळंत झाली. अंगावर दूध नव्हतं. दूध उतरावं म्हणून तिच्या कालवणासाठी सासू रोज ओढ्यात वाकून, दगड उचलून, खाली चिकटलेले मळे मासे हातानं धरायची. पाच-सहाच मिळायचे. दगड मात्र होता तसाच परत ठेवायची. "घर हाय त्यांचं," म्हणायची.

एक दिवस तिनं मला पाठवलं. मला वाकायचा कंटाळा. विहिरीत टाकायची हीच पावडर मी ओढ्यात ओतली. मासे आपणहून बाहेर आले, पोट वर करून, नखाएवढी पिल्लंसुद्धा. मी पाटी भरून नेली.

सासूनं वास घेतला आणि पाटी उकिरड्यावर पालथी केली. "उद्या काय घालशील गं तिला? दगड?"

नंतर महिनाभर मी एकेक दगड उचलला, होता तसा ठेवला. खाली नुसतं स्वच्छ पाणी. बाळाचं रडणं ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. एका सकाळी ते थांबलं.

डॉक्टरांनी कारण वेगळंच सांगितलं. सासूनं ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.