मायच्या गाडीचा पट्टा

अन्याय माझ्या मायवर झाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या एका गॅरेजात. माय तेव्हा तिथे नव्हती. आपल्यावर काही झालंय हे तिला पावसाळा अर्धा उलटेपर्यंत कळलंही नाही.

मी पत्रकं लिहिते. लूमच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, राबणाऱ्यांच्या तक्रारींची, गेटवर वाटायची, एका पानाची. ज्यांनी लिहायला शिकवलं त्यांनी पहिलं हेच शिकवलं, की अन्याय कुणावर झाला आणि कधी झाला ते सुरुवातीलाच आलं पाहिजे. वाचणारा माणूस शिफ्टला निघालेला असतो, पुढचं वाचायला तो थांबेलच असं नाही. स्वतःच्या घराबद्दल असं लिहावं लागेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

आधी गाडीचं सांगते. जुनी, छोटी, डिझेलची, मागची सीट काढून टाकलेली. सुरतेच्या बाजारात साडी विणून-रंगवून येते, पण पुरी झालेली नसते. तिला लेस लावायची असते, टिकल्या चिकटवायच्या असतात, आणि ते काम आमच्यासारख्या सोसायट्यांतल्या बाया घरी बसून करतात. ठेकेदार टेम्पोतून साड्यांचे गठ्ठे आणतो, झालेले घेऊन जातो, आणि मधल्या मध्ये मजुरीचा चांगला लचका तोडतो. मायने बरीच वर्षं ते सोसलं. मग तिच्या लक्षात आलं की ठेकेदाराकडे असं एकच काही आहे जे तिच्याकडे नाही. टेम्पो.

चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. ड्रायव्हिंग क्लासवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मासी, स्कूटी से नहीं चलेगा?" माय म्हणाली, "चलेगा. पीछे गठ्ठा पकड के तू बैठ." पुढे ही गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतली. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बाया थेट व्यापाऱ्याचं काम करतात. सकाळी माय बाजारातून गठ्ठे आणते, दारोदार देते, झालेले परत नेते. टेम्पो आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला होता.

आता अण्णा. माझे वडील लूमचे मास्तर. सुरतेत मास्तर म्हणजे खात्यातलं यंत्र अडलं की ज्याला हाक मारतात तो. खानदेशातून पोरवयात आले आणि सगळं आयुष्य कतारगामच्या खात्यांत गेलं. तिथे मोटरवरून लूमला पट्टा जोडलेला असतो. अण्णा तो अंगठ्याने दाबतात, आवाज ऐकतात, घसरत असेल तर राळ लावतात आणि तुटेपर्यंत चालवतात. तुटला की लूम थांबतं. नवा चढवला की पुन्हा खडखडायला लागतं. धड पट्टा आधीच काढून टाकणारा मास्तर शेठच्या मनातून उतरतो. अण्णांचा एकही पट्टा कधी वाया गेला नाही, असं कतारगाममध्ये आजही सांगतात.

राखीच्या आधीचा आठवडा होता. बाजारात कामाचा पूर. मायबरोबर मीही निघाले होते, मागे गठ्ठे छताला टेकलेले. पर्वत पाटियाच्या चौकात वळताना इंजिनातून एक हलका फटका ऐकू आला, ओला टॉवेल झटकावा तसा. आणि आवाज गेला. सगळाच. मायने किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, पण सैल, पोकळ, आत कुणीच नसल्यासारखा.

मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला डोकं काढून ओरडला, "ओ मासी, साइड में लो ना!"

"आधी धक्का मार, मग बोंबल!" माय ओरडली. आणि तो खरंच उतरला.

अण्णा स्कूटरवर आले. त्यांनी मायला किल्ली फिरवायला सांगितली, कान दिला, आणि हसले. "पट्टा तुटना," ते म्हणाले. घरात आम्ही अहिराणी बोलतो, तुटना म्हणजे तुटला. "दुसरं काय! नवा टाकला की झालं." इतक्या सहज म्हणाले की मला पटलं. गठ्ठे रिक्षात घालून मी पुढे गेले. गाडी दोरीने बांधून गॅरेजात गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिथे उभे होतो. गॅरेजवाल्या भाईने इंजिनाचं डोकं उघडून ठेवलं होतं आणि वर्तमानपत्रावर वाल्व मांडले होते. सगळे वाकलेले. लोखंडाचे, पेन्सिलीएवढे जाड, आणि खिळा चुकून वाकावा तसे वाकलेले.

"वाल्व गए, काका. सब."

अण्णा पुढे झाले, मागे आले, पुन्हा पुढे झाले. "पट्टा तुटला तर मशीन थांबतं," ते म्हणाले. "थांबलेलं मशीन वाकेल कसं?"

"काका, ये लूम नहीं है." भाईने दोन्ही हात वर-खाली करून दाखवले. "नीचे से पिस्टन आता है, ऊपर से वाल्व. दोनों का टाइम बेल्ट सँभालता है. बेल्ट गया तो अंदर मारामारी."

मला विश्वास बसेना. एक रबराचा पट्टा, दातेवाला, हातात घेतला तर पापडासारखा हलका. आणि त्याने एका फटक्यात हे केलं. मी अण्णांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या वस्तूने त्यांना कधी दगा दिला नव्हता तिनेच तोंडावर मारावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग भाई हात पुसत म्हणाला, "मैंने तो बोला था. अखात्रीज के पहले सर्विस में आई थी ना, तब."

गुजरातीत आखाजीला अखात्रीज म्हणतात. मला आधी वाटलं तो मायला सांगतोय. तो अण्णांकडे बघत होता.

"कुणाला बोलला होतास?" मायने विचारलं.

"काका को."

"गाडी कोण घेऊन आलं होतं?"

"तुम, मासी."

"मग?"

भाईने खांदे उडवले. चेहऱ्यावर लाज वगैरे काही नाही, उलट ही बाई असं का विचारतेय याचंच नवल. "गाडी का फैसला तो घर के जेंट्स से पूछते हैं ना."

त्या दिवशी झालं होतं ते असं. मायने गाडी सर्विसला सोडली आणि ती रिक्षाने बाजारात गेली, काम होतं. भाईने पट्ट्याची मुदत उलटलेली बघितली आणि फोन लावला अण्णांना. अण्णा आले. झाकण उघडायला लावलं, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, म्हणाले, "चांगला आहे, अजून वर्षभर चालेल, नको." संध्याकाळी माय गाडी घेऊन आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. भाईला वाटलं काका सांगतील. काकांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मी मोर्च्यात पोलिसांची काठी उगारलेली बघितली आहे. तेव्हा इतकी गार पडले नव्हते. कुणी कट केला नव्हता, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दोन पुरुष एका झाकणाशी उभे राहिले, एक विचारतोय, एक नको म्हणतोय, आणि ज्या बाईची गाडी ती चार गल्ल्यांपलीकडे साड्या मोजून घेतेय. संपलं. भांडायला समोर काहीच नाही.

मी तरी भांडले. भाईला म्हटलं, तिच्या वस्तूबद्दल तुम्ही तिला विचारत नाही म्हणजे काय? अण्णांनाही बोलले, रस्त्यावरचे लोक थांबतील इतक्या मोठ्याने. मायने एक वाल्व उचलला, उजेडाकडे धरून बघितला, जागेवर ठेवला आणि चालायला लागली.

घरी मामा येऊन बसले होते. मायचे धाकटे भाऊ, पांडेसऱ्याला मिलमध्ये असतात. गाडी बसल्याची बातमी आमच्याआधी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांचा निकाल तयार होता. "आक्का, भंगारमा दी टाक. त्या खटाऱ्याच्या किमतीएवढा दुरुस्तीला खर्च येईल. आणि तुझे गुडघे बघ. किती दिवस गठ्ठे ओढशील?"

अण्णा लगेच म्हणाले, "मी पण तेच म्हणतो."

इतकं लगेच, की माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी भंगारात गेली की गॅरेजात दिलेला तो नकारही तिच्याबरोबर जाणार होता. मागे कुणी विचारायला उरणार नव्हतं. माझ्याच घरात, चहाच्या कपांमध्ये, मायच्या गाडीचा निकाल दुसऱ्यांदा लागत होता, आणि माय ओट्यापाशी दूध गाळत होती.

सकाळी सोसायटीच्या गेटाशी टेम्पो उभा. ठेकेदाराला कुणी बोलावलं नव्हतं. खिडकीतून हात काढून म्हणाला, "काय मासी, गाडी आराम करतेय का? करू द्या, वय झालं तिचं." मग बायांना, "रेट जुनाच. मासीच्या गाडीच्या आधीचा."

सणाचे दिवस, हाताला काम नको असं कोण म्हणेल? बाया गठ्ठे उचलायला लागल्या. समोरची वहिनी मायजवळून जाताना खाली बघत म्हणाली, "आजचं घेते गं मावशी. पुढचं तू सांग, लवकर सांग."

मी घरात येऊन कागद काढला. ठेकेदाराविरुद्ध पत्रक, आजच्या आज. माय म्हणाली, "त्याचं नंतर लिही. त्याने काय नवीन केलं? तो ठेकेदारच आहे." आणि पदर खोचून बाहेर पडली. कुठे, ते सांगितलं नाही.

ती गॅरेजात गेली होती. भाई म्हणाला, "मासी, काका को भेजो ना, उनको समझाता हूँ." माय म्हणाली, "काकांना समजलं असतं तर मी इथे आले असते का?" आणि एका टायरवर बसली. बाकीचं इंजिन कसं आहे, पिस्टनला खड्डे पडलेत का, वाल्व आणि पट्टा टाकला तर गाडी किती वर्षं ओढेल, आणखी काय जुनं झालंय, सगळं त्याला सांगायला लावलं. कळलं नाही ते परत सांगायला लावलं. खालचा भाग धड आहे, असं निघालं. हे आम्हाला तिने संध्याकाळी सांगितलं, मामा पुन्हा आले होते तेव्हा, भंगारवाल्याचा नंबर घेऊन.

"माले कोनी इचारं?" तिने सुरुवात केली ती अशी. मला कुणी विचारलं का? आवाज चढलेला नव्हता. "गाडी दुरुस्त होईल. खर्च माझा. भंगारात जाईल तेव्हा ती मी घालेन."

मामांनी फोन खिशात ठेवला. अण्णांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आता शिव्या बसल्या नाहीत म्हणजे वाचलो, असा.

"तुमच्याकडे पैसे मागत नाही," माय त्यांना म्हणाली. "दुसरं मागते. उद्या टेम्पो येईल तेव्हा सगळ्या बाया खाली असतील. त्यांना तुम्ही सांगायचं गाडी का बसली ते."

"बायांपुढे? मी?"

"गॅरेजात माझ्या वतीने बोललात. आता इथे तुमच्या वतीने बोला."

"आक्का, हे जास्त होतंय," मामा म्हणाले.

"तू चहा पी."

मी, गेटावर उभी राहून शेठलोकांकडे जाहीर माफी मागणारी, मीसुद्धा हादरले. मला वाटलं होतं माय रडेल, किंवा नेहमीसारखं सोडून देईल. मनात आलंही, की म्हाताऱ्याला घरातच सॉरी म्हणू दे, चारचौघींत कशाला. मग त्या वहिनीची खाली गेलेली मान आठवली. तोटा चारचौघींचा झाला होता.

सकाळी अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. टेम्पोचं फाळकं उघडलेलं होतं. ते बायांकडे न बघता, फाळक्याकडे बघत बोलले. "गाडी माझ्यामुळे बसली. भाईने पट्टा बदला म्हणून सांगितलं होतं. मीच नको म्हटलं. हिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. मला वाटलं लूमसारखंच असतं."

मग मागून एक आजी म्हणाली, "मास्तर, आमच्या मिक्सरला तेवढा हात लावू नका म्हणजे झालं." आणि बाया हसल्या, मोठ्याने, पदर तोंडाला लावून. अण्णांचे कान लाल झाले. पण ते निघून गेले नाहीत, उभे राहिले. वहिनीने विचारलं गाडी कधी येईल, तर त्यांनी मायकडे बोट केलं. "तिला विचारा. गाडी तिची आहे."

बायांनी टेम्पोतून त्या दिवसापुरतंच काम उचललं. गाडी अजून गॅरेजात आहे, इंजिनाचं डोकं लेथवर गेलंय. टेम्पो येतोय, ठेकेदार टोमणे मारतोय. माय रिक्षाने थोडे थोडे गठ्ठे आणते आणि घरी आली की गुडघ्यांना तेल लावते. भाईचा फोन आता तिलाच येतो.

हे वाचून बाजूला ठेवू नका. तुम्ही कुणाच्या तरी वतीने कुठेतरी 'नको' म्हणून आला आहात. गॅरेजात असेल, दवाखान्यात असेल, मुलीच्या कॉलेजात असेल, बायकोच्या साहेबाला फोनवर असेल. चांगल्या मनानेच म्हणाला असाल, अण्णाही चांगल्या मनानेच म्हणाले होते. ज्याच्या वतीने बोललात तो माणूस आज तुमच्याच घरात आहे आणि त्याला माहीत नाही. काही तुटायच्या आधी, आज, जेवायला बसण्याआधी, त्याच्यासमोर जा आणि सांगा. आणि मग निर्णय त्याला घेऊ द्या.