केबिनमधलं पाणी

पंक्चरच्या दुकानात रबर सोल्यूशनचा वास आला, की मला अल्लीपूरचं आमचं अंगण आणि तिथं उभा असलेला जुना ट्रक आठवतो. तो आमचे हेच चालवायचे. पावसात केबिनमध्ये कुठूनतरी पाणी शिरून फ्यूजवर टपकायचं. एकदा वडनेरच्या रस्त्यावर भर पावसात वायपर अचानक बंद पडला आणि समोरचं दिसेना. यांनी ट्रक कसाबसा कडेला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे टपावर बादल्या ओतत होते आणि मी आत, डॅशबोर्डखाली हात घालून ओल शोधत होते. संध्याकाळी त्यांना वांगी भरून पुन्हा निघायचं होतं. भीतीनं मी प्रत्येक कोपरा दोन-दोनदा चाचपत होते. अखेर काचेच्या कोपऱ्यातल्या फाटक्या रबरातून येणारी धार हाताला लागली.

"अहो, इथून येऊन राह्यलं पाणी!" मी ओरडले.

यांनी रबर चिकटवलं, वाळू दिलं आणि पुन्हा पाणी ओतलं. आत थेंबही आला नाही.

"आता काऊन भेऊन राह्यली वं? कोरडं हाये ना," हे हसून म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, या माणसाला कशाचीच भीती नाही. पण त्यानंतरही त्यांनी आणखी चार बादल्या ओतल्या होत्या, त्या का, ते आज कळतं.