पेटीतलं पिस्तूल आणि बंपरवरचं लिंबू
शिलाई मशिनला तेल घातलं की त्या वासासरशी मला परदेशात शिकतानाचं क्लेटन उपनगरातलं भाड्याचं घर आठवतं. घरात आम्ही चार विद्यार्थी आणि पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, मिळालेली कोल्हापूरची एक ताई, पिस्तूल क्लबातली नेमबाज. ताई आणि मी तिच्या अ‍ॅडलेडच्या स्पर्धेला गाडीनं निघालो ती सकाळ नेमकी खंडेनवमीची, शस्त्रपूजेची. तिच्याकडे परवान्याची दोन पिस्तुलं, पण कुलपाच्या पेटीत एकच मावायचं. नवंकोरं घरी ठेवून तिनं जुनंच मशिनच्या तेलानं पुसून घेतलं. "नवं भारी आहे रे, पण हे माझा हात ओळखतं," म्हणाली आणि पेटीला हळदीकुंकू लावलं. मीही हौसेनं गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. राज्याच्या हद्दीवर तपासणीला थांबवलं, तेव्हा मी पिस्तुलाचे कागद पुढे केले. अधिकाऱ्याला ते नकोच होते. "फळं आहेत का?" त्यानं विचारलं. फळमाशीमुळे बाहेरची फळं राज्यात आणायला बंदी होती. मी ठामपणे नाही म्हणालो. आपल्या लेखी दृष्टीचं लिंबू हे फळ थोडंच असतं! त्यानं वाकून बंपरवरच्या लिंबाचा दोरा कापला. "नो वरीज, मेट," काही हरकत नाही अशा सुरात तो म्हणाला. ताई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. जुन्या पिस्तुलानं ती तिसरी आली. खंडेनवमीला मी आजही गाडीला लिंबू बांधतो. राज्याबाहेर निघायचं असलं, की मात्र आधी त्याचं सरबत करतो.