आत्याच्या घरी पनीर?

मंडळी, आज दुपारी माझा धंदा थोडक्यात वाचला.

मी रत्नागिरीत घरून आंबापोळी आणि कोकम सरबत विकते. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. आज जयगडच्या आत्याच्या नंबरवरून मेसेज आला, "चुकून तुझ्या फोनवर सहा आकडी कोड गेलाय, लवकर पाठव." कोड खरंच आला होता. मी पाठवणारच होते.

पण आमची आत्या "आज मासळी कसली?" हे विचारल्याशिवाय पुढचं बोलतच नाही. म्हणून मीच विचारलं, "आज कालवण कसलं?"

उत्तर आलं, "पनीर."

मी लगेच आत्याला साधा फोन लावला. तिचं व्हॉट्सॲप सकाळीच कुणीतरी बळकावलं होतं. कोड दिला असता तर माझंही गेलं असतं, आणि माझ्या नावाने गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले असते.

आत्याला मात्र दुसरंच झोंबलं. "माझ्या घरात पनीर? मेल्यानं अब्रूच घालवलीन गो!"

संध्याकाळपर्यंत तिचं व्हॉट्सॲप परत मिळालं. आता दोघींनीही त्या कोडच्या जोडीला वेगळा पिन लावलाय.

तुमच्या घरात आहे का असा ओळख पटवणारा प्रश्न? असला तर इथे लिहू नका हो. आमचाही हे लिहायच्या आधीच बदललाय.