काठावरून शिकवणारी आत्या

माझी आत्या पोहायला शिकवायची. आवाज असा, की तलावाच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचं पोर दचकून पाय मारायला लागायचं. "बुडतेस कशी? मी काय मेलेय का?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

एका दुपारी शिट्टी हवी असताना तिने "तो चमचा दे गं" म्हटलं. सगळे हसले, तिच्या थट्टेची सवय होती. अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं, पण घरी जायचं नाव नाही. मग संध्याकाळी घरी तिने ओला टॉवेल घडी घालून फ्रीजमध्ये ठेवला, आणि आतोबांनी विचारलं तर त्यांच्याच अंगावर धावून गेली. आतोबा बेकरीत पाव भाजणारे, लोण्यासारखा माणूस. घाबरून त्यांनी माझ्या वडिलांना बोलावलं. हॉस्पिटलच्या वाटेवर गाडीतच आत्याला फिटचा झटका आला.

मेंदूला सूज आली होती. कशामुळे, ते कळेना. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. एकही विषाणू सापडला नाही. वडिलांना हायसं वाटलं.

"म्हणजे इन्फेक्शन नाही ना? मग ही विषाणूवरची औषधं कशाला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातीला विषाणू कधी कधी हाती लागत नाही. काहींच्या बाबतीत तर कारण शेवटपर्यंत कळत नाही. पण सापडला नाही म्हणजे नाहीच, असं मी धरणार नाही. औषध चालू ठेवू, पुन्हा तपासू."

पुन्हा तपासलं, तेव्हा सापडला. ओठावर फोड आणणारा, कितीतरी लोकांच्या अंगात गुपचूप पडून असणारा विषाणू.

"एवढ्याशा फोडाचा विषाणू?" वडिलांनी पुन्हा विचारलं.

आत्या वाचली. पण मेंदूत आठवणी साठवणाऱ्या भागालाच इजा झाली होती. जुनं बरंचसं शाबूत होतं, नवं काही टिकत नव्हतं. "मी इथे का?" असं ती सारखी विचारायची, आणि आतोबा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सगळं सांगायचे. एकदा ऐकून ती म्हणाली, "अगं बाई! मग या धावपळीत तू जेवलास का?" आतोबा तेव्हा पहिल्यांदा रडले.

घरी आल्यावर तिचा एकच हट्ट, तलावावर जायचं. पुन्हा झटका येण्याच्या भीतीने पाण्यात उतरायला मनाई होती. तलावाचे मॅनेजर म्हणाले, "ताई, आता आराम करा."

"पाण्यात नाही उतरत. काठावरून ओरडायला काय लागतं? घसा तर धड आहे ना माझा!"

शेवटी पाण्यात दुसरा शिक्षक, काठावर खुर्चीत आत्या, अशी सोय झाली. मुलांच्या टोप्यांवर ठळक अक्षरांत नावं घातली.

वर्गात एक मुलगी पाण्याला फार भ्यायची. बाकीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. 'किती वेळा सांगायचं तुला?' हे ऐकून ती आणखीच आक्रसायची. आत्याला मात्र तिचं मागच्या वेळचं रडणं, पळून जाणं काही आठवायचं नाही. दर वेळी ती ताज्या उमेदीने म्हणायची, "पहिला दिवस ना? भीती वाटणारच. ये, आज नुसते पाय बुडवू." सुरुवातीला मुलगी सांगायची, "पहिला नाही, मी कधीची येतेय." मग तिने सांगणं सोडलं. दर वेळी कोरी पाटी मिळणं तिलाही आवडायला लागलं असावं. ती आपणहून पुढे सरकत गेली, पायांवरून कमरेपर्यंत, कमरेवरून गळ्यापर्यंत, आणि एका संध्याकाळी तिने काठ सोडला.

आता ती मोठ्यांच्या रांगेत पोहते. परवा पाण्यातून बाहेर येऊन आत्यासमोर उभी राहिली.

"मी तुमचीच विद्यार्थिनी, बाई. तुम्ही शिकवलंत मला."

आत्याने तिला नीट न्याहाळलं. ओळख काही पटली नाही.

"असं? मग पोहताना मान एवढी वर का काढतेस? जा, अजून एक फेरी मारून ये. मी बघतेय."