ट्यूबलाइट वाकडी आहे

माझ्या काकांना अख्खी गल्ली पोचेकाका म्हणते. मोटारीच्या पत्र्याला पडलेले छोटे पोचे ते रंगाला हात न लावता काढतात. काचेच्या फटीतून लांब वाकडी सळई दारात घालायची, पत्र्याला मागून टेकवायची आणि मुंगीच्या पावलांनी दाबत राहायचं. नजर पोच्यावर ठेवायची नाही. ती ठेवायची पत्र्यात दिसणाऱ्या ट्यूबलाइटच्या पांढऱ्या रेघेवर. रेघ वाकली म्हणजे पोचा आहे, सरळ झाली म्हणजे गेला. संपली विद्या. शिकायला फक्त तीस वर्षं लागतात.

या कलेचं दुर्दैव असं की काम उत्तम झालं की काहीच दिसत नाही. गिऱ्हाईक दारावरून हात फिरवून विचारतं, “नेमकं केलंत काय?” शेजारचा रंगारी पुट्टी थापून, फवारा मारून गाडी परत देतो, तेव्हा तेच गिऱ्हाईक फोटो काढतं. काका त्याला ‘मेकअपवाला’ म्हणतात. तो काकांना टोमण्याने ‘डोळेवाले’ म्हणतो आणि काका ते पदवीसारखं मिरवतात. एकदा तर भर गल्लीत त्यांनी जाहीर केलं, “ज्या दिवशी या डोळ्यांना दुसऱ्याची मदत लागेल, त्या दिवशी दुकानाची पाटी उतरवीन!” कोणी विचारलं नव्हतं. तरी केलं.

दोन महिन्यांपूर्वी जगातला सगळा पत्रा एकदम बिघडला. अर्ध्या तासाच्या कामाला दुपार पुरेना. काका म्हणाले, हल्ली कंपन्या पत्राच पातळ घालतात. मग संशय ट्यूबवर गेला. वाकडी आली म्हणून बदलली. दुसरीही वाकडी निघाली. तिसरी आणली तेव्हा काकूंना राहवेना.

“अहो, काचेची नळी वाकेल कशी?”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“नाही कळत. पण काल दाराची चौकट वाकडी म्हणून सुताराला बोलावलंत. तो ओळंबा लावून हसत गेला. डोळे दाखवा एकदा.”

“दाखवतो आणि पाटी उतरवून घरी बसतो. चालेल?”

काकूंनी विषय तिथेच सोडला. हा माणूस दिवसभर घरी बसला तर नेमका कोणाच्या डोक्यावर बसेल, याचा त्यांना अंदाज होता.

मग एके सकाळी चौकातल्या दवाखान्याची डोळ्यांची डॉक्टर गाडी घेऊन आली. फाटक आपटून दाराला नखाएवढा पोचा पडला होता. काकांनी सळई घातली. एक तास झाला. काका कोंबडीसारखी मान वाकडी करून रेघ बघत होते, दाबत होते, पुन्हा बघत होते. स्टुलावर बसलेली डॉक्टर शेवटी म्हणाली, “काका, पोचा मघाशीच गेला. आता तुम्ही टेंगूळ आणताय.”

गल्लीत असं बोलायची कोणाची छाती नव्हती. मेकअपवाला फवारा बंद करून दारात आला.

“बाई, रेघ वाकडी आहे,” काका म्हणाले.

तिने पर्समधून एक कागद काढला. त्यावर काळ्या रेघांचे बारीक चौकोन आणि मधे ठिपका. “डावा डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा.”

काका खूश झाले. पत्रा तपासायला ते स्वतः असाच रेघांचा फळा वापरतात. त्यांनी तज्ज्ञाच्या सुरात निकाल दिला, “छापताना चुकलंय. मधे पोचा आहे.”

“आता उजवा झाका.”

काका बघतच राहिले. मागून कोणी सळई न लावता कागद सपाट झाला होता.

“बहुतेक उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे,” डॉक्टर म्हणाली. “तपासल्यावर नक्की कळेल. आजच या. उशीर केलात तर मधलं दिसायचंच बंद होईल.”

काकांनी सळई दारातून काढून पुसली. मग विचारलं, “करता काय? वरून काही लावता?”

“वरून लावून उपयोग नाही. औषध आत, मागच्या बाजूला पोचवावं लागतं.”

“म्हणजे रंगाला हात न लावता,” काका म्हणाले. डॉक्टरकीबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटलेला दिसला.

पण टेंगूळ तसंच सोडून जाणार कसे? ते बाहेरून ठोकून बसवायला त्यांनी लाकडी खुंटी आणि छोटी हातोडी उचलली आणि मेकअपवाल्यादेखत हाक मारली, “अगं, इकडे ये. रेघ बघ.”

काकू हात पुसत आल्या, वाकल्या. “जरा वर. अजून वर. हळू हो! आता बस.”

रेघ सरळ झाली. डॉक्टरने दारावरून हात फिरवला आणि नेमकं केलंत काय, असं विचारलं नाही.

“मग, पाटी?” मेकअपवाल्याने दात काढले.

काकांनी शिडी आणली आणि पाटी उतरवून भिंतीला टेकवली. काकूंनी ती पदराने पुसली, शिडीवर चढल्या आणि परत लावली. “जाहीर तुम्ही केलं होतं. मी नाही.”

“सरळ आहे ना?” काकांनी खालून विचारलं.

“अगदी सरळ.”

पाटी बोटभर वाकडी होती. काकांचा डावा डोळा शाबूत होता. तरी ते “बरं” म्हणाले आणि दवाखान्यात जायला चपला शोधू लागले.